बघत बसायचं काम

माणसाला डोळा बनवून देणारा माणूस तुम्हाला कधी भेटलाय का? बहुतेक नसेलच. गरज पडेपर्यंत असं कुणी असतं हेही आपल्या गावी नसतं. एका मोठ्या नेत्र रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, असा एक माणूस सतरा वर्षं काम करत होता. आजारात किंवा अपघातात ज्यांचा एक डोळा गेला, त्यांना तो नकली डोळा रंगवून देई. त्या डोळ्याने दिसत काही नाही, पण आरशासमोर उभं राहायचा धीर येतो, चारचौघांत मान वर करून बोलता येतं. रुग्णालयात त्याला सगळे रंगारी म्हणत आणि त्यालाही ते आवडे.

काम मोठं नाजूक. शेजारच्या खोलीतली मापवाली ताई डोळ्याच्या रिकाम्या खोबणीचं माप घेऊन पांढरं कवच तयार करी. मग रंगारी शर्टाच्या बटणाएवढ्या चकतीवर बुबुळ रंगवी. एक थर द्यायचा, वाळू द्यायचा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. लाल रेशमाचे केसाहून बारीक तंतू पांढऱ्या भागावर चिकटवले की त्या शिरा व्हायच्या. शेवटी वर पारदर्शक थर चढवून, गरम पाण्यात घट्ट करून, पॉलिश करून डोळा तयार. यातलं साहित्य कुठेही मिळतं. न मिळणारी गोष्ट एकच, ती म्हणजे समोरच्या माणसाच्या शाबूत डोळ्याकडे दोन दोन तास बघत बसण्याची ताकद.

ती ताकद रंगाऱ्याकडे एके काळी भरपूर होती. कधी आटली ते त्यालाही सांगता आलं नसतं. आधी खिशात फोन आला, मग फोनमध्ये रुग्णालयाचा ग्रुप आला, मजल्याचा ग्रुप, मुलीच्या वर्गातल्या पालकांचा, इमारतीतल्या रहिवाशांचा. व्यवस्थापकांनी नियम केला की ग्रुपवर काही विचारलं तर पाच मिनिटांत उत्तर हवं. रंगाऱ्याचा हात मग दर पाच मिनिटांनी ब्रश सोडून फोनकडे जाऊ लागला. काही दिवसांनी फोन वाजला नाही तरी जाऊ लागला. समोर बसलेल्या माणसाला ताटकळत ठेवणं बरं दिसेना, म्हणून त्याने युक्ती काढली. शाबूत डोळ्याचा एक मोठा फोटो काढायचा, माणसाला घरी पाठवायचं आणि फोटो बघून सवडीने रंगवायचं. काम दुप्पट वेगाने होऊ लागलं. व्यवस्थापकांनी बैठकीत त्याचं नाव घेऊन कौतुक केलं.

घरी काही वेगळं नव्हतं. तो जेवताना फोन बघे, फोन बघताना बोले आणि बोलताना भलत्याच गोष्टीचा विचार करी. झोप लागे, पण उठल्यावर थकवा तसाच असे. त्याची नऊ वर्षांची लेक एकदा त्याच्या खुर्चीशी येऊन अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, मी शाळा सोडली. उद्यापासून जहाजावर नोकरीला चाललेय."

"हं. जेवून जा," रंगारी म्हणाला.

लेक आणि तिची आई दोघी खूप हसल्या. तोही हसला. पण हसणं संपल्यावर बायको त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. तेवढ्यात फोनवर काहीतरी आलं आणि ती बघतेय हे त्याला दिसलं नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. रंगाऱ्याकडे एक बाई आल्या. वय अडुसष्ट. एका डोळ्यात गाठ झाली म्हणून तो डोळा काढावा लागला होता. चौतीस वर्षं त्यांनी वेधशाळेत नोकरी केली होती. ठरलेल्या वेळी गच्चीवर जायचं, आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे, त्यातले किती ढगांनी झाकलेत ते बघायचं, ढग कोणत्या जातीचे ते ओळखायचं आणि वहीत लिहायचं. सहलीच्या आदल्या दिवशी शेजारपाजारची सगळी पोरं त्यांच्याकडे 'उद्या पाऊस आहे का' विचारायला जायची. त्यांनीच नाव ठेवलं होतं, ढगकाकू. काकूंनी ते स्वतःच हसत हसत सांगितलं, तेव्हा रंगारी फोनवर उत्तर लिहीत होता. त्याने काकूंच्या उजव्या डोळ्याचा फोटो काढला, "चार दिवसांनी या" म्हणाला आणि चार दिवसांनी डोळा बसवूनही दिला. काकूंनी आरशात पाहिलं, आभार मानले आणि त्या गेल्या.

आठ दिवसांनी त्या परत आल्या. त्यांच्या रिकाम्या खोबणीवर पुन्हा कापसाची पट्टी होती आणि हातातल्या डबीत नवा डोळा.

"टोचतोय का काकू? बसत नाहीये का नीट?" रंगाऱ्याने विचारलं.

"बसतो छान. टोचत नाही की काही नाही. तुमच्या ताईचं काम चोख आहे," काकू म्हणाल्या. खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला आणि जरा वेळाने बोलल्या. "आमच्या ह्यांना विसरण्याचा आजार आहे. तीन वर्षं झाली. पूर्वी पोहायला शिकवायचे, शेकडो पोरांना शिकवलं. आता पाणी कुठे ठेवलंय तेही आठवत नाही. पण मला कधी विसरले नाहीत. डोळा काढला तेव्हा पट्टी होती. रोज सकाळी विचारायचे, 'अगं, तुझ्या डोळ्याला काय झालं?' मी रोज सांगायची. रोज तेवढंच वाईट वाटायचं त्यांना. गालावरून हात फिरवायचे."

"मग?"

"मग हा डोळा घालून घरी गेले. त्यांनी दार उघडलं आणि मला म्हणाले, 'अहो बाई, ही घरात नाहीये. आली की सांगतो.'"

रंगाऱ्याच्या हातातला फोन थरथरला. त्याने तो पालथा ठेवला.

"आठ दिवस मी माझ्याच घरात अहो बाई आहे," काकू म्हणाल्या. आवाज शांत होता, पण शेवटचा शब्द जरा पुसट झाला. "जेवायला वाढलं की 'तुम्ही कशाला त्रास घेताय' म्हणतात. संध्याकाळी दाराशी जाऊन माझी वाट बघतात. पट्टी होती तेव्हा एक डोळा माझा होता आणि दुसरीकडे काहीच नव्हतं. आता दुसरीकडे कुणीतरी परकं माणूस बसलंय."

रंगाऱ्याला बोलणं लागलं. माणूस दुखावला की आधी पुरावा शोधतो. त्यानेही फोनमधला फोटो काढला, डबीतला डोळा त्याच्याशेजारी धरला. "बघा काकू. तंतोतंत जुळतोय."

काकूंनी वाकून पाहिलं. "जुळेलच. फोटोशीच जुळवलायत ना," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना परत बोलावून रंगाऱ्याने खुर्ची उत्तरेच्या खिडकीशी नेली. त्या खिडकीतून ऊन कधी येत नसे. दिवसभर एकसारखा मऊ उजेड मात्र असे. त्याने फोन मापवाल्या ताईच्या कपाटात ठेवला, रंग मांडले आणि तो काकूंसमोर गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ बसला. आता बघायचं, त्याने स्वतःला बजावलं.

त्याने पाहिलं. डोळा तपकिरी होता. पुन्हा पाहिलं. तपकिरीच होता. मनात आलं, रेशीम संपत आलंय, मागवायला हवं. मग आठवलं, पालकांच्या ग्रुपवर गणवेशाबद्दल काहीतरी विचारलं होतं. मग वाटलं, मांडीला थरथर जाणवली. हात आपोआप खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. घड्याळात पाहिलं तर अवघी चार मिनिटं झाली होती. पंधराव्या मिनिटाला तो उठला, ब्रश धुतला, पुन्हा बसला. हाच ब्रश तो ज्या बोटांनी वर्षानुवर्षं धरत आला होता ती बोटं आता ओशाळल्यासारखी झाली होती.

"काकू, माफ करा. मला येईनासं झालंय," तो म्हणाला. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "मन थाऱ्यावरच राहत नाही. जरा डोकं शांत झालं की करतो. पुढच्या आठवड्यात बघू."

"पुढच्या आठवड्यात होईल शांत?"

"ते काही सांगता येत नाही."

"मग कशाला थांबायचं?" काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तुम्हाला एक सांगते. वेधशाळेत मला सहा वर्षं झाली होती. हात बसला होता कामावर. एका सकाळी मैत्रिणीशी गप्पा रंगल्या होत्या. वेळ झाली तशी धावत वर गेले, मान वर केली, खाली आले आणि लिहिलं, 'आकाश निरभ्र'. पहाटेच्या नोंदीतही निरभ्रच होतं. मी आकाश पाहिलंच नाही हो, पहाटेची नोंद पाहिली. पश्चिमेला खाली, अगदी कडेला, एक काळी पट्टी होती. दोन मिनिटं उभी राहिले असते तर दिसली असती. दुपारी वादळ आलं. तलावात माणसांनी भरलेली होडी होती."

रंगाऱ्याने ब्रश खाली ठेवला.

"वाचले सगळे. पण चार तास उलट्या होडीला धरून पाण्यात होते. मला कुणी जाब विचारला नाही. वादळ अचानक आलं, असंच सगळे म्हणाले. फक्त मला माहीत होतं. त्यानंतर मी गच्चीवर गेले की आधी नुसती उभी राहायची. लिहायचं नाही, मोजायचं नाही. पहिल्यांदा काय दिसायचं माहितीये? माझीच कटकट. सासूबाई काय बोलल्या, दूध उतू गेलं, मुलाचा ताप. ते सगळं आकाशावर दिसायचं. त्याला हाकलायचं नाही. आपण आपलं ढगाची एक कड धरायची आणि तिच्याकडे बघत राहायचं. मन पळालं की परत त्या कडेवर यायचं. मनावर रागवायचं नाही. थोड्या वेळाने कटकट आपोआप मागे सरते आणि आकाश पुढे येतं."

"पण काकू, तेव्हाची गोष्ट वेगळी होती," रंगारी म्हणाला. "आता एकाच वेळी दहा कामं करावी लागतात. नाही केली तर माणूस मागे पडतो."

"दहा कामं केलीत ना तुम्ही त्या दिवशी? मग त्यातलं माझं कुठलं?"

रंगाऱ्याने डबीतल्या डोळ्याकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणता, मन शांत झालं की बघेन," काकू म्हणाल्या. "उलटं आहे ते. बघायला लागलात की शांत होतं. मला तरी दुसरा रस्ता सापडला नाही. एकच कड धरा माझ्या डोळ्याची. आज रंगवूच नका."

त्या दिवशी त्याने खरंच रंग लावला नाही. बुबुळाची डावीकडची खालची कड धरली आणि तो तिच्याकडे बघत राहिला. मन पळे, तो परत येई. शंभरदा पळालं असेल. केव्हातरी, किती वेळाने ते त्याला कळलं नाही, ती कड तपकिरी राहिली नाही. तिथे राखेच्या रंगाचं एक पुसट कडं होतं, पहाटेच्या धुक्यासारखं, बुबुळाला सगळीकडून वेढणारं. वयोमानाने येतं ते. त्याच्या आत गडद मध होता. मधाच्या आत बारीक बारीक तंतू होते, बाहुलीकडे धावत गेलेले, काही सरळ, काही वाटेत वळलेले. बाहुलीच्या अगदी जवळ ते तांबूस होत होते. आणि खाली, घड्याळात सात वाजता काटा असतो तिथे, गंजाच्या कणाएवढा एक ठिपका होता. फोटोत त्या जागी खिडकीची चकाकी आली होती. अडुसष्ट वर्षं हा ठिपका त्या चेहऱ्यात होता. ज्या माणसाने तो पन्नास वर्षं रोज जवळून पाहिला, त्याला नाव आठवलं नसतं, पत्ता आठवला नसता, पण हा ठिपका त्याच्या ओळखीचा होता.

बाहेर एक ढग सरकला असावा. खोलीतला उजेड किंचित मंदावला आणि काकूंची बाहुली हळूच, एखादं फूल उमलावं तशी मोठी झाली. ढग गेला, ती पुन्हा मिटली. रंगारी बघत होता. शेजारच्या खोलीत गरम पाण्याचं भांडं हलकेच खदखदत होतं, पंख्याचा वारा कागदाचा एकच कोपरा उचलत होता आणि त्याला वाटलं, आपण एका मोठ्या, मधाच्या रंगाच्या पठारावर उभे आहोत, दूर कडेला धुकं आहे आणि कुठेही जायची घाई नाही. लहानपणी तो जेवणाच्या टेबलाखाली उताणा पडून लाकडाच्या रेषा बघत असे. त्या रेषांत त्याला नद्या दिसत, मासे दिसत, दाढीवाले म्हातारे दिसत. आई हाका मारून दमे. ते सुख इतक्या वर्षांनी त्याच्या अंगातून परत फिरलं.

"काकू, तुमच्या डोळ्यात एक ठिपका आहे," तो म्हणाला.

"आहे ना," काकू हसल्या. "आमच्या ह्यांनी लग्नानंतर तिसऱ्या दिवशी शोधला होता. गेलेल्या डोळ्यातही तस्साच होता."

दुसऱ्या बैठकीला रंग सुरू झाले. पाऊण तास झाला असेल तोच दार उघडलं आणि व्यवस्थापक आत आले. रंगारी त्यांना घेऊन बाहेर व्हरांड्यात गेला.

"अहो, कुठे आहात तुम्ही? ग्रुपवर चारदा विचारलं. चाळीस मिनिटं उत्तर नाही," व्यवस्थापक म्हणाले.

"इथेच आहे सर. काम करतोय."

"काम सगळेच करतात. उत्तर द्यायला किती वेळ लागतो?"

"उत्तर द्यायला नाही लागत. परत कामात शिरायला लागतो." रंगारी वाद घालणारा माणूस नव्हता. त्याचे कान तापले होते. "सर, मी बनवलेल्या डोळ्यामुळे आत बसलेल्या बाईंना त्यांचा नवरा ओळखेनासा झालाय. चूक माझी आहे. तो मी फोटोवरून केला आणि करताना बेचाळीस वेळा फोन बघितला."

"बेचाळीस?"

"मोजलं नाही. कमीच सांगतोय."

व्यवस्थापकांना हसू आलं. मग त्यांचा स्वतःचा फोन वाजला. त्यांनी तो बघितला, खिशात ठेवला. परत वाजला, परत बघितला. तिसऱ्या वेळी त्यांचा हात खिशापाशी जाऊन थांबला. या माणसालाही वरून कुणीतरी पाच पाच मिनिटांनी टोचत होतं, हे रंगाऱ्याच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं.

"आणि तातडीचं काही आलं तर?" व्यवस्थापकांनी विचारलं, आता जरा खालच्या आवाजात.

"तर दार वाजवा. खरंच तातडीचं असेल तर माणूस दार वाजवतोच."

व्यवस्थापक गेले. थोड्या वेळाने ग्रुपवर त्यांचा निरोप पडला की रंगकामाच्या खोलीत बारा वाजेपर्यंत कुणी व्यत्यय आणू नये. रंगाऱ्याने तो वाचला थेट दुपारी.

कपाटातला फोन परत देताना मापवाली ताई त्याला म्हणाली, "तुझं छान झालं. आता माझंही एक कर. मी माणसाच्या डोळ्याच्या खोबणीत मापाचा पातळ लगदा ओतत असते तेव्हा तू भिंतीपलीकडून 'झालं का, झालं का' असं विचारत असतोस. दिवसातून दहादा. हात हलतो माझा."

रंगारी चपापला. आपल्याला त्रास देणारे त्याने मनात मोजले होते. आपण कुणाकुणाला देतो ते मोजायचं राहूनच गेलं होतं.

तीन बैठकांत डोळा पुरा झाला. तो घालून काकू आरशासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी आरशातच रंगाऱ्याकडे बघून मान हलवली. पण रंगाऱ्याचं समाधान होईना. खोलीतला उजेड वेगळा, घरातला वेगळा. जो रंग इथे जुळतो तो तिथे जुळेलच असं नाही. म्हणून तो त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेला. गेल्या कित्येक वर्षांत तो कुणाबरोबर असा गेला नव्हता.

काका बाल्कनीत संत्र सोलत बसले होते. दणकट खांदे, पांढरे केस, डोळ्यांत सदा काहीतरी शोधत असल्याचा भाव. त्यांनी दोघांकडे पाहिलं. काकूंच्या चेहऱ्यावर त्यांची नजर थांबली, सरकली, परत आली.

"बसा," ते म्हणाले.

दोघं बसले. काकांनी संत्र्याच्या फोडी दोघांना दिल्या. मग ते रस्त्याकडे बघत राहिले. रंगाऱ्याने दुपारच्या उजेडात दोन्ही डोळे नीट पाहिले. रंगात खोट नव्हती. अर्धा तास गेला. काका एक शब्द बोलले नाहीत.

दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "आता ते 'बसा' आपल्या दोघांना होतं, का तुम्हाला एकट्याला, का अहो बाईंना, कसं कळावं?" आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी शाबूत डोळा पुसला. "जा तुम्ही. तुमचं काम तुम्ही केलंत."

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला चैन पडलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला.

"आज सकाळी चहा घेऊन गेले," त्या म्हणाल्या. "कप घेतला, माझ्याकडे बघत बसले. चहा गार व्हायला आला. मग म्हणाले, 'कुठे गेली होतीस इतके दिवस?'"

रंगाऱ्याने फोन कानाशी घट्ट धरला.

"मी म्हटलं, इथेच होते. तर म्हणाले, 'मग सांगायचंस ना.'" पलीकडे काकूंनी नाक ओढलं. "हे बघा, उद्या परत विसरतील. परवा आठवेल, न आठवेल. तो आजार आहे. पण विसरतील ते आजारामुळे, परक्या डोळ्यामुळे नाही. तेवढं पुष्कळ आहे मला."

फोन ठेवल्यावर रंगारी बराच वेळ त्या खिडकीशी बसून राहिला. सतरा वर्षांत आपण किती डोळे केले आणि त्यातल्या शेवटच्या काही वर्षांत किती घरांत अशी परकी माणसं बसवून दिली, याचा विचार त्याच्या मनात आला आणि गेला नाही. पुढच्या महिन्यात त्याने जुन्या नोंदी काढून फोटोवरून केलेल्या डोळ्यांच्या सगळ्या माणसांना पत्रं लिहिली, की सवडीने एकदा येऊन जा, मला तुमच्याकडे नीट बघायचंय. काही आले, काहींनी 'आहे तो बरा आहे' असं कळवलं. आले त्यांच्यासमोर तो बसला.

त्या मजल्यावर आता सकाळी दहा ते बारा दार बंद असतं. सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा नियम मोडला, एकदा तर रंगाऱ्यानेच मोडला. मन अजूनही पळतं. पण आता ते पळालं हे त्याला कळतं आणि परत कुठे यायचं ते ठाऊक असतं. फुरसतीच्या वेळी तो उरलेल्या चकत्यांवर चित्रं काढतो. बटणाएवढ्या जागेत धुक्यातलं पठार, उलटी होडी, एकदा नुसतंच आठ भागांचं आकाश. कुणी सांगितलेलं नसतं, कुणाला दाखवायची नसतात. ती त्याला आतून सुचतात. वर्षानुवर्षं काही सुचलं नव्हतं, कारण सुचण्याला आत यायला जागाच ठेवली नव्हती.

परवा लेक त्याला वर्गातल्या नाटकाची गोष्ट सांगत होती. लांबलचक होती, मधेच सुरू होऊन कुठेही जाणारी. तो तिच्याकडे बघत ऐकत होता. ती अर्ध्यात थांबली.

"बाबा, असा काय बघतोस?"

"ऐकतोय."

"मग मधेमधे हं म्हण ना."

"हं म्हटलं की मी ऐकत नसतो, हे तुलाच माहितीये."

लेकीने जवळ सरकून गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

मंडळी, आपल्यापैकी प्रत्येकाचं काही डोळे रंगवायचं काम नसतं. कुणी शिकवतं, कुणी शिवतं, कुणी गाडी चालवतं, कुणी घर चालवतं. पण समोरच्याकडे न बघता, त्याच्या फोटोवरून काम उरकायची सवय आपल्या सगळ्यांना लागली आहे. मग आपण शांतता शोधायला दूर जातो, ती मिळाली की जगायला लागू म्हणतो. ती अशी आधी मिळत नाही. हातातल्या एका गोष्टीकडे, समोरच्या एका माणसाकडे पुरतं बघायला बसलं, मन पळालं तरी न रागावता परत आलं, की ती मागाहून येते आणि तिच्या पाठोपाठ नवं काही सुचतं. आणि दुसरं कुणी असं बघत बसलेलं दिसलं, तर दार ओढून घ्यावं आणि पाय न वाजवता पुढे जावं. कारण तो माणूस कुणाच्या तरी घरची ओळख परत जुळवत असेल.